बाणेदार गॅल्व्हानी

मृत बेडकाचा मज्जातंतू व स्नायू दोन धातूंनी जोडताच पाय झटका देतो, हे बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि वीज प्राण्याच्या देहातच असते, असे प्रतिपादिले. व्होल्टाने ती धातूंची करामत ठरविली. त्यावर गॅल्व्हानीने धातूंवाचूनही स्नायू आखडून दाखविला. १७९८ मध्ये नेपोलियनने स्थापिलेल्या प्रजासत्ताकाची शपथ नाकारून त्याने प्राध्यापकपद व वेतन गमावले. त्याच वर्षी तो निवर्तला. १८०० मधील विद्युत्घटाने व्होल्टाची सरशी झाली खरी. परंतु मज्जापेशीच्या आवरणातून सोडियमचे आयन आत व पोटॅशियमचे बाहेर जाऊन संदेश धावतो, हे हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ मध्ये सिद्ध केले. पद गेले, सिद्धांताचा गाभा टिकला. विद्येचे मोल पगारपत्रकावरून ठरविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.