निर्वासितांचा कैवारी : फ्रित्योफ नान्सेन

घरदार सोडून परमुलखात आश्रय मागणाऱ्या माणसाकडे सीमेवर सर्वप्रथम मागितला जातो तो ओळखीचा कागद. तो ज्यांच्यापाशी नव्हता, अशा लक्षावधी माणसांची दखल जगाला घ्यावयास लावणाऱ्या नॉर्वेच्या एका सुपुत्राची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

फ्रित्योफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी आजच्या ऑस्लो शहराजवळ झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ होते. १८८८ साली पाच साथीदारांसह त्यांनी ग्रीनलंडचा हिमप्रदेश पार केला. पुढे ‘फ्राम’ जहाजातून त्यांनी उत्तर ध्रुवाचा वेध घेतला आणि १८९५ साली ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीही गेले नव्हते. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला. त्यानंतर १९०६ ते १९०८ या काळात त्यांनी लंडन येथे आपल्या नवस्वतंत्र देशाचे राजदूतपद भूषविले.

त्यांचे खरे जीवितकार्य मात्र साठीच्या उंबरठ्यावर सुरू झाले. १९२० साली राष्ट्रसंघाने महायुद्धातील कैद्यांना मायदेशी पोहोचविण्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. रशियातील सोव्हिएत सरकार राष्ट्रसंघाला मानावयास तयार नव्हते; तथापि नान्सेन यांच्याशी बोलणी करण्यास ते राजी झाले. जेमतेम सव्वीस लाख लोकवस्तीचा, महायुद्धात तटस्थ राहिलेला त्यांचा देश कोणासही धोका वाटत नव्हता. आमच्या मते, ह्या लहानपणातच त्यांचे सामर्थ्य दडले होते. १९२२ पर्यंत सुमारे सव्वाचार लाख कैदी स्वगृही परतले.

१९२१ साली राष्ट्रसंघाने त्यांना निर्वासितांचे पहिले उच्चायुक्त नेमले. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या रशियनांचे नागरिकत्व सोव्हिएत सरकारने काढून घेतले होते. त्यांना ना धड राहता येई, ना पुढे जाता येई. १९२२ साली जिनिव्हा येथील परिषदेत नान्सेन यांनी अशा लोकांसाठी ओळखपत्राची योजना मंजूर करून घेतली. हेच ते ‘नान्सेन पारपत्र’. पुढे पन्नासहून अधिक सरकारांनी ते मान्य केले. संगीतकार स्ट्राव्हिन्स्की आणि चित्रकार शगाल यांच्यापाशीही हे पारपत्र होते. त्याच वर्षी नान्सेन यांना नोबेल शांतता पुरस्कार लाभला. त्याची रक्कम त्यांनी मदतकार्यास अर्पण केली.

त्यांच्या पदरी अपयशही आले, हे आम्ही येथे नमूद केले पाहिजे. १९२१ च्या भीषण दुष्काळात रशियन जनतेसाठी त्यांनी राष्ट्रसंघापुढे याचना केली. परंतु बोल्शेव्हिक बळावतील ह्या भीतीने सरकारांनी हात आखडता घेतला. आर्मेनियन निर्वासितांच्या पुनर्वसनाची त्यांची योजनाही पैशाअभावी फसली. १९२३ सालच्या करारानुसार ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल झाली. तिलाही नान्सेन यांचा पाठिंबा होता. तीत धर्माच्या निकषावर दहा लाखांहून अधिक माणसे आपल्या पिढीजात भूमीतून उखडली गेली. एका आपत्तीवरील हा उपाय दुसरे दुःख घेऊन आला.

१३ मे १९३० रोजी नान्सेन यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने चाललेल्या निर्वासित कार्यालयास १९३८ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. १९५४ पासून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयातर्फे त्यांच्या नावे पुरस्कार दिला जातो. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निर्वासितांना मिळणारा प्रवासाचा दाखला हा त्यांच्याच पारपत्राचा वारसा होय.

नान्सेन हे अज्ञेयवादी होते. तरीही परक्याला आश्रय देण्याची जी शिकवण आपण श्रद्धेने ऐकतो, ती त्यांनी आयुष्यभर आचरिली. आपण लहान आहोत, आपल्याच्याने काय होणार, असे जेव्हा आपल्या मनात येईल, तेव्हा ह्या लहान देशाच्या प्रतिनिधीचे स्मरण आपणांस बळ देवो.