डॉ. वसंत खानोलकर : गाठीमागचे कारण शोधणारे पॅथॉलॉजिस्ट

स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तपासायला आला की आज पॅथॉलॉजिस्ट त्यातली ठरावीक प्रथिने रंगवून पाहतात. त्यावरून आजाराचा प्रकार ठरतो. स्तनाच्या कर्करोगात तर कोणते औषध लागू पडेल, हेही कळते. भारतात गाठींच्या अशा तपासणीचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) अग्रभागी होते.

१९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवली. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेव्हा रुग्णालयांत प्रथिने रंगवण्याची सोय नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशींची ठेवण हाच आधार. खानोलकरांनी त्याला रुग्णाच्या राहणीची माहिती जोडली. पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त दिसत होता. एकाच शहरात एवढा फरक, म्हणजे सवयी आणि चालीरीतींचाही त्यात वाटा असणार, असे त्यांनी मांडले.

१९५२ मध्ये परळलाच त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांमागे एचपीव्ही विषाणू असतो, हे त्यांच्या निधनानंतर सिद्ध झाले. पेशींतले ‘पी१६’ प्रथिन ही आज त्याचीच एक खूण मानतात.