कप्तान डॉक्टर

मैदान की मार्क, या आपल्या वर्गातल्या जुन्या वादात तालिमेरेन आओंचे नाव कुणी घेतले नव्हते, म्हणून मी आज लिहितो. नागा टेकड्यांतल्या चांगकीचे हे गृहस्थ कोलकात्यात डॉक्टरकी शिकले आणि शिकता शिकता मोहन बागानचे कप्तान झाले. मधल्या फळीत राहून बचाव सांभाळायचा, हे त्यांचे काम. (नावे गोल मारणाऱ्यांचीच छापून येतात!) १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते भारताचे कर्णधार आणि ध्वजवाहक. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. दोन पेनल्टी हुकल्या, फ्रान्सकडून १-२ अशी हार. पण मला मोठे वाटते ते पुढचे. मुलाने डॉक्टर व्हावे, ही दिवंगत वडिलांची इच्छा. पदवी मिळाल्यावर आओ फुटबॉल सोडून आपल्या डोंगरात परतले. नागालँडचे आरोग्य संचालक म्हणून निवृत्त झाले. १९९८ मध्ये ते गेले.