लुईस फर्मर: भंडाऱ्याच्या मँगनीजची गोष्ट लिहिणारा माणूस

भंडारा म्हटलं की आपल्याला तलाव, धान आणि पितळेची भांडी आठवतात. पण पोलादाच्या भट्टीला लागणाऱ्या दोन महत्त्वाच्या गोष्टीही इथल्याच जमिनीत आहेत: मँगनीज आणि कायनाइट. यातल्या मँगनीजचा ज्याने आयुष्यातली उमेदीची वर्षं देऊन अभ्यास केला, त्या लुईस ली फर्मर यांच्याबद्दल आज बोलू.

लंडन ते मध्य प्रांत

फर्मर यांचा जन्म १८८० सालचा, लंडनचा. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिकून ते १९०२ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात रुजू झाले. म्हणजे आज आपण पहिली नोकरी धरतो, साधारण त्याच वयात. तेव्हा नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. खनिज निघत होतं, पण ते इथे आलं कसं आणि आणखी कुठे सापडेल, याचा नीट हिशोब कोणाकडे नव्हता.

फर्मर यांनी तो मांडला. १९०९ साली त्यांचा भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा ग्रंथ आला. हजाराहून जास्त पानं! इथल्या एका खडकाला त्यांनी नाव दिलं गोंडाइट, म्हणजे या भागातल्या गोंड लोकांवरून. त्यांचं म्हणणं असं, की फार पूर्वी पाण्याखाली साचलेला मँगनीजयुक्त गाळ जमिनीत खोल दाबला गेला, तापला आणि त्याचा हा खडक झाला.

पण मँगनीज लागतं कशाला?

लोखंडात थोडं गंधक राहतंच. दोघं मिळून आयर्न सल्फाइड बनतं, आणि लोखंडासोबतचं त्याचं मिश्रण ९८८ अंश सेल्सिअसलाच वितळतं. पोलाद मात्र त्याहून जास्त तापवून लाटतात. मग होतं काय, की वरून घट्ट दिसणाऱ्या लालभडक पोलादात कणांच्या मधल्या फटी ओल्या होतात आणि रोलरखाली त्याला तडे जातात.

मँगनीज घातलं की गंधक लोखंडाला सोडून त्याला चिकटतं. मँगनीज सल्फाइड वितळायला साधारण १६०० अंश लागतात, त्यामुळे लाटताना ते घनच राहतं. आम्ही कोडमध्ये एरर पकडून बाजूला ठेवतो ना, तसलाच प्रकार. गंधक आतच असतं, फक्त त्रास देत नाही.

आता हे वितळलेलं पोलाद ठेवायचं कशात? तिथे कायनाइट कामी येतं. दहेगाव, पोहरा या भागात कायनाइट आणि त्याचा भाऊबंद सिलिमनाइट सापडतो. खूप तापवलं की कायनाइटचं मुलाइट होतं. हे सिरॅमिक १८०० अंशांच्या आसपास टिकतं, म्हणून भट्टीच्या विटांमध्ये वापरतात. एक अडचण आहे: मुलाइट होताना कायनाइट फुगतं. म्हणून ते आधी भाजून घेतात आणि मगच वीट पाडतात. नाहीतर भिंतच फुटायची.

मान मिळाला, घर मात्र दुरावलं

फर्मर पुढे सर्व्हेचे संचालक झाले. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो, १९३५ मध्ये सर. आज इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी म्हणतात, त्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. फर्मराइट नावाचं एक खनिजही आहे, तेही छिंदवाड्याजवळच्या सीतापारचं.

पण त्यांचा मुलगा पॅट्रिक १९१५ मध्ये लंडनला जन्मला आणि तान्हा असतानाच त्याला इंग्लंडमध्ये दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवलं गेलं. पुढे आईवडील वेगळे झाले. हाच पॅट्रिक पायी युरोप पालथा घालून मोठा प्रवासवर्णनकार झाला, पण वडिलांचा सहवास त्याला फारसा मिळालाच नाही. १९५४ मध्ये फर्मर गेले.

अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. फर्मर यांचं पगारपत्रक इंग्रज सरकारचं होतं. ग्रंथ आला तेव्हा इथलं बहुतेक मँगनीज कच्चंच परदेशी जात होतं, कारण टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद बनायला १९१२ उजाडलं. खोदणारे हात इथले आणि कारखान्याचा फायदा तिकडचा. खडकाला गोंडांचं नाव मिळालं, खाणीतला वाटा मात्र नाही.

आज तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या खाणी मॉइल ही सरकारी कंपनी चालवते. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलसाठीही जातं. म्हणजे तुमच्या घरातल्या रिमोटच्या सेलमध्ये कदाचित आपला भंडाराच असेल. तुमसरकडे जाणं झालं तर रस्त्याकडेचा एखादा जड, काळा दगड हातात घेऊन बघा.