विश्लेषण : मराठी विशेषणाला नेमका इंग्रजी शब्द कसा शोधायचा? मोल्सवर्थ यांनी घालून दिलेली वाट

सडक अर्जुनी : गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरा महामार्गावरचा सडक अर्जुनी. नावाआधीचा ‘सडक’ गाळला, तर पत्र आणि पाहुणा दोघेही भलत्याच गावी पोहोचतील. कोणता, कसा, कुठला हे सांगणारा शब्द एवढे मोठे काम करतो. इंग्रजीत अर्ज लिहिताना, मुलाखत देताना किंवा स्पर्धा परीक्षेत भाषांतर करताना नेमका हाच शब्द अडतो. अर्थ मनात पक्का असतो, पण इंग्रजी विशेषण सापडत नाही. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने याच प्रश्नावर आयुष्याची अनेक वर्षे घालवली. त्यांचे नाव जेम्स थॉमस मोल्सवर्थ.

मोल्सवर्थ कोण होते?

त्यांचा जन्म १७९५चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल होऊन ते अगदी तरुण वयात भारतात आले. १८१८मध्ये पेशवाई संपली आणि मोठा मराठी मुलूख कंपनीच्या अमलाखाली गेला. रयतेच्या फिर्यादी आणि साक्षी मराठीत असायच्या, निकाल देणारा साहेब मात्र इंग्रज. समजा, साक्षीदाराने एखाद्याला ‘फटकळ’ म्हटले आणि साहेबाने ते ‘शिवराळ’ असे समजून घेतले, तर तोंडावर स्पष्ट बोलणारा माणूस शिवीगाळ करणारा ठरायचा. एका विशेषणावर माणसाची अब्रू अवलंबून असायची.

त्याआधी कोश नव्हते का?

होते. विल्यम केरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१०मध्ये श्रीरामपूरला छापला गेला. व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४मध्ये मुंबईत आला. पण बोलत्या मराठीचा पसारा त्यांत मावणारा नव्हता. मोल्सवर्थ शब्द जमवू लागले आणि पुढे मुंबई सरकारने या कामाला पाठबळ दिले. थॉमस आणि जॉर्ज कँडी हे दोघे भाऊ त्यांच्या मदतीला होते, शिवाय मराठी शास्त्रीमंडळी होती. याच काळात, १८२९मध्ये, शास्त्र्यांनी तयार केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ही छापला जाऊ लागला. १८३१मध्ये मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते. पोथीतल्या शब्दांसोबत शेत, स्वयंपाकघर आणि बाजारातले शब्दही त्यांनी घेतले. म्हणी घेतल्या, शिष्ट लोक टाळतात असे शब्दही घेतले.

विशेषणच का अडते?

वस्तूच्या नावाला बहुधा जोडशब्द मिळतो. विशेषण मात्र शेजारच्या नामाप्रमाणे रंग बदलते. ‘कोवळा’ घ्या. कोवळी काकडी आणि कोवळे वय यांना ‘टेंडर’ चालते. कोवळ्या उन्हाला ते शोभत नाही, तिथे सकाळचे सौम्य ऊन अशा अर्थाची शब्दरचनाच करावी लागते. ‘दमट’चेही तसेच. हवा दमट असेल तर ‘ह्युमिड’, भिंत किंवा कपडे दमट असतील तर ‘डॅम्प’. धानाच्या बांधीतली माती ओलसर असेल, तर ‘मॉइस्ट’.

मोल्सवर्थ यांनी ही अडचण ओळखली होती. एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द ठेवून ते मोकळे झाले नाहीत. जवळचे अनेक शब्द देणे, शब्द कशाला लावतात ते सांगणे, मूळ अर्थ आणि लाक्षणिक अर्थ वेगळे करणे, आणि एक शब्द पुरत नसेल तर सरळ वाक्यांशात अर्थ उलगडणे, अशी त्यांची रीत होती.

पुढे काय झाले?

१८३६मध्ये प्रकृती ढासळल्याने ते इंग्लंडला परतले. त्यांनी सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पूर्ण केला आणि तो १८४७मध्ये निघाला. पण आपला मराठी-इंग्रजी कोश मोल्सवर्थ यांना पुरेसा वाटत नव्हता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर ते पुन्हा भारतात आले. १८५७मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. शब्दसंख्या सुमारे ६० हजारांवर गेली होती. याच सुमारास, १८५२मध्ये, लंडनमध्ये डॉक्टर पीटर मार्क रॉजे यांनी अर्थांच्या गटांनुसार इंग्रजी शब्द मांडणारा ‘थिसॉरस’ प्रसिद्ध केला होता. मोल्सवर्थ अखेर मायदेशी परतले आणि १८७०च्या दशकाच्या आरंभी त्यांचे निधन झाले. बाबा पदमनजी यांनी १८६३मध्ये त्यांच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती काढली, तर १९७५मध्ये पुण्याच्या शुभदा सारस्वतने मूळ कोश पुन्हा छापला.

झाडीपट्टीचे शब्द त्यात आहेत का?

या कोशाचा भर देश आणि कोकणातल्या मराठीवर आहे. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, मुंबई इलाख्यात नव्हता. त्यामुळे झाडीबोलीतले अनेक शब्द तिथे शोधून हाती लागत नाहीत. ती उणीव भरून काढण्याचे काम पुढे साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी केले.

आज मोबाइलवर उपयोग काय?

शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ यांचा कोश मोफत पाहता येतो. वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. आधी आपले विशेषण कोणत्या नामाला लावायचे ते ठरवा. मग कोशातले सगळे प्रतिशब्द वाचा, पहिलाच उचलू नका. कोशातली इंग्रजी दीडशे वर्षांहून जुनी आहे, म्हणून निवडलेला शब्द आजच्या इंग्रजी कोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहा. तरीही एक शब्द सापडला नाही, तर अर्थ सांगणारे तीन-चार सोपे शब्द लिहा. मोल्सवर्थ यांनीही तेच केले. चुकीच्या भारदस्त विशेषणापेक्षा साधा, पण बरोबर वाक्यांश केव्हाही चांगला.