भाऊरावांची पंगत आणि आपली बंधुता

दसरा झाला की उमापूर परिसरातून, अवघ्या गेवराई तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात. आईबापाच्या कोयत्यामागे लेकरेही जातात आणि त्यांची शाळा सुटते. ज्या सातारा-सांगलीच्या फडात ही लेकरे वाढे गोळा करतात, त्याच मातीत शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने गोरगरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंग उघडले होते. त्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र आंबेडकरी चळवळीने पुन्हा वाचले पाहिजे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. १९०८ साली राजर्षी शाहू महाराजांच्या राजवटीत अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर विटाळ झाला म्हणून आंघोळ करण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो साफ नाकारला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांचा तुरुंगात अनन्वित छळ झाला. लठ्ठे हे त्याच जैन बोर्डिंगचे कारभारी. जुना हिशेब चुकता करण्याची संधी आयती चालून आली होती. पण भाऊराव खोटे बोलले नाहीत.

इस्लामपूरला शाळेबाहेर बसवलेला एक महार मुलगा त्यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात घातले. तो मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप! बाबासाहेब १९२० साली लंडनला गेल्यावर ‘मूकनायक’ची धुरा वाहणारे आणि पुढे मुंबई कायदेमंडळात बसलेले घोलप ते हेच. आपल्या चळवळीचे हे ऋण किती जणांना ठाऊक आहे?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे सत्यशोधकी वातावरणात रयत शिक्षण संस्था जन्मली. १९२४ साली ती साताऱ्यात आली आणि तिथे बोर्डिंग सुरू झाले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सगळी पोरे एका पंगतीला बसू लागली. स्वयंपाक त्यांनीच करायचा, पाणी त्यांनीच भरायचे. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. वसतिगृहांच्या इतिहासात या माउलीचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने लिहिले पाहिजे.

या बोर्डिंगला १९२७ साली गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव दिले गेले. पुणे करारानंतर १९३२ साली भाऊरावांनी पुण्यात स्पृश्य-अस्पृश्यांचे युनियन बोर्डिंग काढले. पुणे कराराची जखम आपल्या समाजाला आजही आहे. तिचा हिशेब गांधींकडे जरूर मागावा. परंतु त्यापायी भाऊरावांना परके का मानायचे? कराराचे श्रेय घेऊन अनेक जण घरी गेले. हा माणूस मात्र पोरांना एका ताटाशी बसवत राहिला.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडले. कमवा आणि शिका ही योजना तिथे रुजली. खडी फोडणारा हात पदवीपर्यंत पोहोचला. १९४८ साली सरकारने अनुदान रोखले, तरी भाऊराव वाकले नाहीत. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता तग धरणार नाहीत, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. समतेसाठी कायदा करता येतो, स्वातंत्र्यासाठी कोर्टात जाता येते. बंधुता मात्र एकत्र राहून, एकत्र जेवूनच येते. आज वसतिगृहांच्या पाट्याही समाजनिहाय झाल्या आहेत. मागासांना स्वतंत्र वसतिगृहे हवीतच, तो आपला हक्क आहे आणि तो सोडता कामा नये. पण सर्व जातींच्या पोरांची एक पंगत कुठे उरली आहे?

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी सरकारने २०२१ साली वसतिगृहांची योजना आणली. ती कागदावर राहू नये म्हणून कार्यकर्त्यांनी जाब विचारला पाहिजे. फडावर जाणारे उमापूरचे प्रत्येक लेकरू वसतिगृहात पोहोचावे आणि तिथे कुणाच्याही ताटाला जात नसावी. भाऊरावांना हेच खरे अभिवादन ठरेल!