डॉ. क्लेगहॉर्न आणि त्यांच्या नावाची वेल

लालबागेत आपण मराठी मंडळी वर्षानुवर्षे फिरत आलो आहोत. १८५६ मध्ये या बागेस सरकारी उद्यानाचे स्वरूप आले, त्यामागे ज्यांचा सल्ला होता, त्या डॉ. ह्यू फ्रान्सिस क्लार्क क्लेगहॉर्न यांचे नाव मात्र आपल्यापैकी थोड्यांच्याच कानी आले असेल. वनस्पतिशास्त्राने ते एका प्रजातीस देऊन ठेवले आहे. करवंद, कण्हेर, सदाफुली यांच्या कुळातील 'क्लेगहॉर्निया' ही प्रजाती रॉबर्ट वाइट यांनी १८४८ मध्ये प्रसिद्ध केली.

येथे एक पेच आहे. वाइट यांच्यासमोरील वेली सिंहलद्वीपातील होत्या. म्हैसूरच्या रानांत ही प्रजाती आढळत नाही. क्लेगहॉर्न यांचे आजोबा, तेही ह्यू क्लेगहॉर्नच, सिंहलद्वीपाचे पहिले वसाहत-सचिव होते. स्थळावरून तर्क करू जाता मान आजोबांकडे जातो. परंतु अशा नावाची शहानिशा नाव ठेवणाराचा काळ आणि परिचय पाहूनच करावी लागते. आजोबा १८३७ मध्येच निवर्तले होते आणि ते इतिहासाचे प्राध्यापक. वाइट यांच्या काळी वनस्पतींच्या मागे लागलेला क्लेगहॉर्न तो नातूच.

त्यांचा जन्म मद्रासचा, १८२० चा. एडिंबरोस वैद्यकी शिकून ते १८४२ मध्ये मद्रासेस परतले आणि पुढे शिमोग्यास नेमले गेले. तेथील जंगलतोडीने त्यांचे लक्ष वेधले. १८५६ मध्ये ते मद्रास इलाख्याचे वनसंरक्षक झाले. मुंबई इलाख्यात हे काम दापोडीच्या बागेचे डॉ. गिब्सन १८४७ पासूनच पाहत होते. रेल्वेच्या स्लीपरांसाठी पडणारी झाडे क्लेगहॉर्न यांना दिसत नव्हती असे नाही. तरी त्यांचा खरा रोष राहिला तो रान जाळून नाचणी पिकविणाऱ्या डोंगरी लोकांच्या कुमरी शेतीवर, आणि १८६० मध्ये तिच्यावर निर्बंध आले. आम्हांस हा न्याय एकांगी वाटतो. रेल्वेस लाकूड मिळतच राहिले. रान सुटले ते कुमरीवाल्यांचे.

१८९५ मध्ये स्कॉटलंडात त्यांचे निधन झाले. शिमोग्यास असताना रोज एका वनस्पतीचे निरीक्षण करण्याचा त्यांचा नेम होता, आणि ती रेखाटण्यासाठी त्यांनी एक मराठा चित्रकार पदरी ठेवला होता. क्लेगहॉर्न यांचा चित्रसंग्रह एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपलेला आहे. त्या चित्रकाराचे नाव कोणी टिपून ठेवलेले नाही.